गिअरची दांडी ढिली का होते? : एक अभ्यास

आपल्या वार्षिकांकात कथा, कविता व सहलींची वर्णने दरवर्षी पुष्कळ येतात आणि ती मी आवडीने वाचते. यंदा अभ्यासलेखासाठी मी जो विषय घेतला आहे तो कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येणारा नाही. जुन्या मोटारीतील गिअरची दांडी ढिली का होते, तिचा दोष कसा शोधावा आणि ती कशी दुरुस्त करावी, एवढाच हा विषय. कला शाखेच्या विद्यार्थिनीने यात का पडावे, असे कोणी विचारील. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या वडिलांनी, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी चालवून आमचे शिक्षण केले. टॅक्सी गेल्यावर ते गावी आले आणि आता कराडच्या वेशीवर एका गॅरेजमध्ये उस्तादांच्या हाताखाली काम करतात. सुट्टीत मी तेथे बसून असते. म्हणून जे प्रत्यक्ष पाहिले, मोजले व हाताने केले तेच येथे मांडते. यंत्रशास्त्राच्या जाणकारांनी उणे-अधिक सांभाळून घ्यावे.

प्रथम गाडीविषयी. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट कंपनीने १९५३ साली ‘११००’ मालिकेतील नवी गाडी बाजारात आणली होती. तिचीच सुधारलेली आवृत्ती १९६४ पासून कुर्ल्याला होऊ लागली. पुढे फियाटचे नाव गेले, गाडी काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. इटलीत ही जात १९६९ साली बंद पडली. आपल्याकडे मात्र ती त्यानंतर सुमारे तीस वर्षे निघत राहिली. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ती ‘फियाट’च आहे. आप्पा कधीही पद्मिनी म्हणत नाहीत. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. आमची त्याआधीच, २०२१ मध्ये संपली होती. खाजगी गाडीचे तसे नाही. पंधरा वर्षे झाल्यावर तिची तपासणी होते आणि ती पास झाली तर पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. त्यामुळे आमच्या तालुक्यात दोन-चार पद्मिनी अजून धावत्या आहेत.

या गाडीचे इंजिन १०८९ सी. सी. चे, गिअर चार पुढचे व एक मागचा. आजच्या गाडीत गिअरची दांडी दोन आसनांच्या मधोमध जमिनीतून वर येते. बहुतेक पद्मिनींत ती स्टिअरिंगच्या खांबाला, चक्राच्या खाली डाव्या हाताशी असते. अगदी शेवटच्या काळातील गाड्यांत तेवढी ती खाली आली. खांबावरची दांडी ही मूळची अमेरिकेतील चाल. १९३८ ते १९४० च्या सुमारास तेथील बहुतेक कंपन्यांनी ती उचलली, कारण त्यामुळे पुढचे आसन सलग बाकासारखे करता येते व तिघे बसू शकतात. आपल्याकडे तिघांवर कोण थांबते! आप्पा सांगतात, गावाकडच्या लग्नाला निघालेल्या गाडीत पुढे चौघे बसत, आणि चौथ्याच्या गुडघ्यावरून दुसरा गिअर पडत असे.

जमिनीवरची दांडी बहुधा गिअरपेटीच्या डोक्यावरच बसलेली असते. हात आणि पेटी यांच्यात फारसे काही नसते. खांबावरच्या दांडीचा प्रवास मात्र लांबचा. तो नीट समजला तरच पुढचे समजेल म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

दांडी खांबाच्या वरच्या भागात एका आडव्या पिनेवर टेकलेली असते. खांबाला लागून एक नळी खाली इंजिनच्या बाजूला उतरते. चालक मूठ आपल्याकडे ओढतो किंवा समोर ढकलतो तेव्हा दांडी त्या पिनेवर झुकते आणि तिच्या आतल्या टोकाने नळी आपल्या लांबीत किंचित सरकते. ही झाली ‘निवड’, म्हणजे कोणत्या जोडीतला गिअर हवा ते ठरवणे. मग तो मूठ वर किंवा खाली नेतो तेव्हा नळी स्वतःभोवती फिरते. हे झाले ‘घालणे’, म्हणजे त्या जोडीतला हा की तो. नळीच्या तळाशी छोटे हात असतात, त्यांना लोखंडी रॉड जोडलेले असतात, आणि ते रॉड गिअरपेटीच्या बाहेरील हातांना मिळतात. पेटीच्या आत मग फोर्क नावाचा काटा दातेरी कडे सरकवून गिअर गुंतवतो. जेथे जेथे एक भाग दुसऱ्याला मिळतो तेथे पिन आणि बुश. बुश म्हणजे भोकात बसवलेले रबराचे, नायलॉनचे किंवा पितळेचे कडे. झीज त्याने सोसायची आणि लोखंड वाचवायचे.

आता प्रत्यक्ष उदाहरण. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गॅरेजमध्ये एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांची पद्मिनी आली. त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. गाडी त्यांनी १९८९ साली जुनी विकत घेतलेली. तक्रार अशी : मूठ धरून हलवली की ती मोकळीच वर-खाली डुलते, गिअर पडला की नाही ते हाताला कळत नाही, आणि कुंभार्ली घाट उतरताना दुसरा गिअर आपोआप सुटून गाडी न्यूट्रलमध्ये येते. घाटात गिअर सुटणे म्हणजे काय हे ज्याने उतरणीवर गाडी चालवली आहे त्याला सांगायला नको. इंजिनचा रोध नाहीसा होतो व सगळा भार ब्रेकवर येतो. त्यातच या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. म्हणजे चालत्या गाडीत दुसरा सुटला म्हणून घाईने पहिला घालावा तर तो करकरतो, पडत नाही. गुरुजींच्या सौभाग्यवती शेजारी बसल्या होत्या. त्यानंतर त्या या गाडीत बसेनात.

गुरुजी आधी दुसरीकडे जाऊन आले होते. तेथे त्यांना सांगण्यात आले की गिअरपेटी गेली, ती बदलावी लागेल, नवी आता मिळत नाही, तेव्हा गाडी भंगारात द्या. नोंदणीची मुदत दोन महिन्यांवर आली होती. मुलगाही तेच म्हणत होता. गुरुजी आमच्याकडे आले ते जवळजवळ निरोप घ्यायलाच. “उस्ताद, एकदा बघा आणि मग काय ते सांगा,” एवढेच म्हणाले.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. दोष पेटीच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर खर्च मोठा आणि सुटे भाग दुर्मीळ. बाहेर असेल तर काम दोन दिवसांचे. दोन्ही दोषांचे लक्षण एकच, ‘गिअर सुटतो’. आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला मिलच्या पद्धती शिकवल्या गेल्या तेव्हा अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द मला पाठ करायला जड गेले होते. एका कार्याला अनेक कारणे संभवतात तेव्हा एकेक कारण वेगळे काढून पाहावे, बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि फरक पडतो का ते बघावे, ही व्यतिरेकाची कल्पना. आप्पांनी मिलचे नाव ऐकलेले नाही. पण त्यांनी त्या दिवशी जे केले ते याहून निराळे नव्हते. त्यांनी बॉनेट उघडले, रॉडचे खालचे टोक पेटीच्या हातापासून सोडवले आणि पेटीचा तो हात नुसत्या बोटांनी पुढे-मागे केला. प्रत्येक गिअर ‘टक्’ करून बसला व बसल्यावर जागचा हलेना. पेटीच्या आत प्रत्येक दांड्याच्या खाचेत स्प्रिंगने दाबलेली एक पोलादी गोळी बसते. तो ‘टक्’ तिचाच. गोळी आणि स्प्रिंग शाबूत होती.

“पेटी चांगली हाय,” आप्पा म्हणाले. “रोग वाटेत हाय.”

एवढ्यावर उस्तादांचे समाधान झाले नाही, आणि मला वाटते त्यांचे बरोबर होते. उभ्या गाडीत गोळी धरून ठेवते म्हणून चालत्या गाडीत, ओझ्याखाली, गिअर धरेलच असे नाही. कड्याचे दात झिजून उतरते झाले असतील तरीही गिअर बाहेर फेकला जातो. म्हणून त्यांनी पेटीचे तेल थोडे काढून बोटांवर चोळले. पितळेचा किंवा पोलादाचा चुरा त्यात फारसा नव्हता. शिवाय गुरुजींना विचारले की सुटताना मूठ हाताला झटका देते का. गुरुजी म्हणाले, झटका नाही, नुसता सुटतो. दात झिजले असतील तर कडे जोराने परत येते आणि तो जोर दांडीपर्यंत पोचतो. गिअर अर्धवटच गुंतला असेल तर तो निमूट निसटतो. क्लचही पाहून घेतला. क्लच पुरा सुटत नसेल तर गिअर करकरत पडतो, पण दांडी ढिली होत नाही. पेट्रोलवरचा पाय एकदम उचलल्यावर इंजिन किती डुलते तेही पाहिले, कारण इंजिनखालचे रबर बसलेले असेल तर पेटी हलते आणि तिच्याबरोबर सगळे रॉड ओढले जातात. ते रबर ठीक होते. या सर्व चौकशीला अर्धा तास लागला, आणि माझ्या मते दुरुस्तीचा सर्वांत मोलाचा भाग हाच. गुरुजींची गाडी भंगारात निघाली होती ती हा अर्धा तास कोणी दिला नव्हता म्हणून.

दोष वाटेत आहे हे ठरले. पण वाटेत सांधे अनेक. कोणता किती दोषी? यासाठी दोन माणसे लागतात. चाकांना पुढे-मागे दगड लावले, हातब्रेक ओढला, बॅटरीची तार काढली. मी आत बसून मूठ अगदी सावकाश, एकाच वेगाने वर-खाली करीत राहिले. आप्पा बाहेरून एकेका सांध्यावर बोट ठेवीत गेले. बोट असे ठेवायचे की अर्धे एका भागावर व अर्धे दुसऱ्यावर येईल. सांधा चांगला असेल तर दोन्ही भाग एकदम निघतात. झिजलेला असेल तर एक निघतो आणि दुसरा उशिरा, आणि तो उशीर बोटाला कळतो, डोळ्याला कदाचित कळणारही नाही.

याला आम्ही ‘प्ले’ म्हणतो. आप्पा ‘खेळ’ म्हणतात आणि तोच शब्द मला जास्त आवडतो. हा खेळ मी पट्टीने मोजला, कारण हिशेब जमतो का हे मला पाहायचे होते. मूठ तिच्या मधल्या जागेपासून एकूण सुमारे ४ सेंटिमीटर मोकळी हलत होती. तेवढ्या अंतरात पेटीचा हात अजिबात हलत नव्हता. मुठीपासून खांबाच्या मध्यापर्यंत अंतर सुमारे २८ सेंटिमीटर. नळीच्या तळच्या हाताची लांबी सुमारे ७ सेंटिमीटर. म्हणजे तरफेच्या नियमाने खालच्या १ मिलिमीटर खेळाचे मुठीशी ४ मिलिमीटर होतात. रॉडच्या खालच्या टोकाचा रबरी बुश पार नाहीसा झाला होता, भोकात पिन नुसती खुळखुळत होती. तेथे खेळ ५ मिलिमीटर, मुठीशी २०. वरच्या टोकाला दीड मिलिमीटर, मुठीशी ६. नळीच्या तळच्या बुशात १, मुठीशी ४. राहिली वरची पिन. दांडीचे आतले टोक व पिन यांत जेमतेम अडीच सेंटिमीटर अंतर आहे, त्यामुळे तेथला १ मिलिमीटर मुठीशी ११ मिलिमीटर होऊन दिसतो. आणि भोक तेवढे झिजून लंबगोल झाले होते. बेरीज २० + ६ + ४ + ११ = ४१. मोजलेले ४ सेंटिमीटर. हिशेब ढोबळ आहे, पण जमला तेव्हा मला झालेला आनंद दहावीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

या आकड्यांवरून गिअर का सुटत होता तेही स्पष्ट होते. मुठीला वर-खाली फिरायला जागा ठरलेली असते. त्यातली चार सेंटिमीटर खेळातच खर्च झाली तर पेटीच्या हातापर्यंत पोचणारी हालचाल तेवढी तोकडी पडते. कडे पुरते सरकत नाही, दात अर्धेच गुंततात. सपाटीवर ते कसेबसे धरतात. घाट उतरताना चाके इंजिनला ढकलू लागली की दातांवरचा भार उलटतो आणि अर्धवट धरलेले कडे निसटते.

मला प्रथम वाटले होते की सगळे सांधे पक्के, घट्ट करून टाकावेत, खेळ अजिबात ठेवू नये. उस्तादांनी विचारले, “खांब कशाला बांधलाय?” बॉडीला. “आणि पेटी?” इंजिनला. “आणि इंजिन?” रबरावर. म्हणजे गाडी खड्ड्यात आपटली की पेटी थोडी हलणार, खांब नाही हलणार, आणि त्या दोघांना जोडणारा रॉड मध्येच ओढला जाणार. रॉडच्या टोकाला रबर असेल तर ते ही ओढ पोटात घालते. रबराच्या जागी कोणी लोखंड ठोकले तर प्रत्येक खड्ड्याचा धक्का गिअरच्या काट्याला पोचेल आणि चांगला गिअरही सुटू लागेल. त्यांनी एकदा एक गाडी पाहिली होती, तिच्या मालकाने कंटाळून रॉडची टोके वेल्डिंगने जवळपास बंद केली होती. तेव्हा नियम असा ठरला : वरच्या पिनेला खेळ जवळजवळ नको, नळीच्या बुशाला अगदी थोडा, आणि रॉडच्या टोकांना खेळ नको पण लवचिकता हवी. खेळ आणि लवचिकता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला त्या दिवशी नीट कळले. रबर दाबले जाते आणि परत येते. खेळात मधे काहीच नसते.

आता दुरुस्ती. वरच्या पिनेला सर्वांत जास्त वेळ लागला. दांडी काढायची म्हणजे पिन बाहेर ठोकायची. पण खांबावर हातोडीचे घाव बसू द्यायचे नाहीत, म्हणून समोरच्या बाजूने जड लोखंडी ठोकळा धरून मग पंचावर हलके ठोके दिले. पिन मधोमध झिजून पोटाला बारीक झाली होती. लंबगोल भोक रीमरने पुन्हा गोल करून थोडे मोठे केले. या मोठ्या भोकात दोन पर्याय असतात. एक, जाड पिन घालणे; दुसरा, पितळेचा बुश दाबून बसवून मूळ मापाची पिन ठेवणे. उस्तादांनी दुसरा घेतला. त्यांचे म्हणणे असे की जाड पिन घातली तर पुढच्या वेळी पुन्हा दांडीचेच भोक झिजेल व ते आणखी मोठे करावे लागेल. दांडी काही बाजारात मिळत नाही. बुश घातला तर पुढच्या वेळी बुश बदलावा. पिन पक्क्या पोलादाची, बुश पितळेचा, म्हणजे झिजेल तो पितळेचा. बुश शेजारच्या लेथवाल्याकडून करून घेतला. त्याने पहिला बुश इतका घट्ट केला की दांडी पिनेवर झुकेना. दुसऱ्यांदा हाताने ढकलून पिन जाईल पण खुळखुळणार नाही इतका मोकळा केला. दांडीखाली एक लहान स्प्रिंग असते, ती तिला एका बाजूला टेकवून ठेवते व खडखड थांबवते. ती गंजून तुटली होती. तिच्या जागी तेवढ्याच ताणाची दुसरी बसवली.

नळीच्या तळचा बुश नायलॉनचा केला. नायलॉनचा गोल दांडा आणून लेथवर कापला. नायलॉनला पाण्याने किंचित फुगण्याची सवय आहे, म्हणून आतला व्यास केसभर मोठा ठेवतात. हा भाग एका तासात झाला.

रॉडच्या टोकांचे काम सोपे पण किळसवाणे. चाळीस वर्षांचे ग्रीस आणि धूळ मिळून डांबरासारखा थर झाला होता. तो घासलेटात भिजवून, ब्रशने घासून काढला तेव्हा कोठे स्प्लिट पिन दिसली. जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये; ती एकदा वाकवून सरळ केली की तिच्यात जीव राहत नाही, आणि ती पडली तर रॉड गळून पडतो. रबरी बुश मूळच्या मापाचे मिळाले नाहीत. दुसऱ्या एका गाडीचे थोडे मोठे बुश आणून ते कापून, घासून बसवले. वाशर नवे. एक सूचना येथे लिहून ठेवते : रबरी बुशाला साधे ग्रीस लावू नये, रबर फुगून मऊ पडते. बसवताना साबणाचे पाणी लावले तरी तो सरकतो. पितळेच्या आणि नायलॉनच्या बुशाला मात्र ग्रीस हवे.

थोडे विषयांतर. आप्पा टॅक्सीवर असताना यातले काहीच इतक्या शास्त्रशुद्ध रीतीने होत नसे. धंद्याच्या वेळी गाडी दोन दिवस उभी ठेवणे म्हणजे दोन दिवसांची चूल. बुश गेला की सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून पिनेभोवती गुंडाळायची, वरून तार आवळायची. काही जण चपलेच्या रबराला भोक पाडून घालीत. असा उपाय महिनाभर टिके. आणि दोन गिअरच्या मधे रॉड अडकून दांडी हलेनाशी झाली की भर रस्त्यात उतरून बॉनेट उघडायचे, हाताने रॉड सोडवायचा आणि पुन्हा बसायचे. मागचे हॉर्न वाजवीत असत. मी लहान असताना एकदा आप्पा असे उतरले तेव्हा मागच्या आसनावरचे गृहस्थ मला म्हणाले होते, “काय गं, बाबा काय करतात?” मी सांगितले, गिअर शोधतात. त्यांना ते फार विनोदी वाटले. या जुगाडांना मी नावे ठेवणार नाही. पण रबराची पट्टी खेळ लपवते, झीज तशीच चालू राहते आणि पिनेचे पोट बारीक होत जाते, हेही खरे.

सर्व जोडल्यावर एक काम राहते व तेच पुष्कळदा राहून जाते. ते म्हणजे रॉडची लांबी जुळवणे. रॉडच्या टोकाला आटे असतात. टोक फिरवून रॉड लांब-आखूड करता येतो आणि मागचा नट आवळून तो पक्का करता येतो. जुने बुश झिजलेले असताना कोणीतरी त्या झिजेला जुळवून लांबी बदललेली असते. नवे बुश घातले की तीच लांबी चुकीची ठरते. म्हणून पेटी न्यूट्रलमध्ये, दांडीही न्यूट्रलमध्ये ठेवायची, रॉड सोडलेला, आणि मग त्याचे टोक पिनेवर जोर न लावता आपोआप बसेल इतकी लांबी करायची. ओढून बसवावे लागले तर अजून जुळलेले नाही. आम्हाला सव्वा फेरा फिरवावा लागला. यानंतर इंजिन बंद ठेवून प्रत्येक गिअर घालून पाहिला. आप्पा गाडीखाली, मी आत. पाहायचे हे की पेटीचा हात आपल्या शेवटापर्यंत पोचतो तेव्हा मुठीला अजून थोडी जागा शिल्लक आहे ना. मुठीची जागा आधी संपली तर गिअर पुन्हा अर्धवटच राहणार. दुसऱ्या गिअरला जागा शिल्लक राहिली. तिसऱ्याला, चौथ्यालाही. मागच्या गिअरला अगदी जेमतेम राहिली, पण राहिली.

मुठीचा मोकळा खेळ आता पट्टीवर ७ मिलिमीटर भरला. उस्ताद म्हणाले, इतका असू द्या, नवीन गाडीलाही थोडा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी, आप्पा आणि मी गाडी घेऊन पाटणच्या पुढे कुंभार्ली घाटापर्यंत गेलो. चढताना काही कळायचे नव्हते, परीक्षा उतरणीची. आप्पांनी वरूनच दुसरा गिअर घातला, पेट्रोलवरचा पाय काढला आणि डावा हात मुठीवरून काढून मांडीवर ठेवला. गुरुजी आप्पांच्या शेजारी बसले होते आणि रस्त्याकडे न बघता त्या मुठीकडेच बघत होते. वळणे गेली, एका ठिकाणी रस्ता उखडला होता त्यावरून गाडी आदळली, गिअर जागचा हलला नाही. खाली येऊन एका हॉटेलाशी गाडी थांबवली तेव्हा गुरुजींनी चहा सांगितला आणि घरी फोन लावला.

परत येताना गुरुजींनी स्वतः चालवली. पहिला गिअर उभ्या गाडीतही थोडा करकरतो, तो क्लचचा दोष आहे व त्याची तार पुढच्या वेळी आवळायची ठरले आहे. पेटीचे तेलही बदलायचे आहे. वरच्या पिनेला दर तीन-चार महिन्यांनी बोटभर ग्रीस आणि रॉडच्या रबरांवर नुसती नजर, एवढे आप्पांनी गुरुजींच्या डायरीत मला लिहायला सांगितले. गाडी पासिंगला गेली त्या दिवशी आमचा इतिहासाचा पेपर होता, त्यामुळे मी तेथे नव्हते. पण नोंदणी पाच वर्षे वाढली.